सिमोन टेरोडेची कारकीर्द: दुसऱ्या श्रेणीतला नऊ नंबर मुलांना कसा समजावायचा?

सडेकर (वेंगुर्ला)

नमस्कार मंडळी. सतरा वर्षांखालच्या संघात एक उंच, ताकदीचा, पण वेगात मागे पडणारा मुलगा नऊ नंबरला, म्हणजे सर्वांत पुढचा स्ट्रायकर म्हणून खेळतो. त्याला दाखवायला व्हिडिओ शोधले की एम्बाप्पे आणि हालांडच समोर येतात. पन्नास मीटर पळत जाऊन केलेले गोल बघून या मुलाच्या हाती काही लागत नाही.

जर्मनीच्या दुसऱ्या श्रेणीत सर्वांत जास्त गोल सिमोन टेरोडेच्या नावावर आहेत, एकूण १७७. उंची १.९२ मीटर, आणि वेगासाठी त्याचं नाव कधीच कुणी घेतलं नाही. हा आपल्या कामाचा वाटतो. पण नुसता आकडा सांगून मुलाला काय कळणार? त्याचे गोल कुठल्या क्लबकडून, कुठल्या वयात झाले, आणि इतके गोल करणारा माणूस पहिल्या श्रेणीत का टिकला नाही, हे नीट समजून घ्यायचंय. शिवाय त्याच्यातलं आपल्या मैदानांवर शिकवण्यासारखं काय आहे? आमचं मैदान सड्यावरचं, मुरमाचं आणि अरुंद आहे, रुंदी जेमतेम ४५ मीटर. सामने इथून कधी बघता येतात तेही सांगा.

दर्यावर्दी (रत्नागिरी)

आधी हंगामवार आकडे देतो, कारण सगळं त्यातच आहे. फक्त दुसऱ्या बुंडेसलिगाचे, म्हणजे जर्मनीच्या दुसऱ्या श्रेणीचे गोल धरलेत.

युनियन बर्लिन: २०११-१२ मध्ये ८, २०१२-१३ मध्ये १०, २०१३-१४ मध्ये ५.
बोखुम: २०१४-१५ मध्ये १६, २०१५-१६ मध्ये २५.
स्टुटगार्ट: २०१६-१७ मध्ये २५.
कोल्न: २०१८-१९ मध्ये २९.
हॅम्बुर्ग: २०२०-२१ मध्ये २४.
शाल्के: २०२१-२२ मध्ये ३०, आणि शेवटच्या २०२३-२४ मध्ये ५.

बेरीज १७७. मधले हंगाम गाळलेले दिसतात, तेव्हा तो पहिल्या श्रेणीत होता.

आता वय बघा. जन्म २ मार्च १९८८, बोखोल्टचा. घडला ड्युइसबर्गमध्ये. २००९ मध्ये कोल्नला गेला, तिथे बराच काळ राखीव संघात गेला. २०१४ च्या उन्हाळ्यात युनियन बर्लिन सोडून बोखुमला आला तेव्हा तो २६ वर्षांचा होता आणि खात्यावर गोल होते २३. म्हणजे १७७ पैकी १५४ गोल सव्विशीनंतरचे. तुमच्या मुलाला पहिली गोष्ट हीच सांगा. सतरा वर्षांचा उंच मुलगा अजून स्वतःच्या पायांना सरावलेला नसतो. अशा खेळाडूचा खेळ उशिरा बसतो, कारण त्याला गोल मिळतात ते जागा ओळखण्यातून, आणि ती ओळख शेकडो क्रॉस (मैदानाच्या कडेवरून गोलासमोर मारलेले चेंडू) बघितल्याशिवाय येत नाही.

दुसरी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. बोखुमचा २५ गोलांचा हंगाम, मग स्टुटगार्ट, कोल्न, हॅम्बुर्ग, शाल्के. दुसऱ्या श्रेणीतले लागोपाठचे पाच हंगाम, प्रत्येक वेळी वेगळा क्लब, वेगळा प्रशिक्षक, आणि प्रत्येक वेळी २४ किंवा त्याहून जास्त गोल. बेरीज १३३. नवीन संघात रुळायला स्ट्रायकरला सहा महिने लागतात असं आपण सहज म्हणतो. याला ते लागले नाहीत, कारण त्याचा खेळ सोपा आणि ठरलेला होता. विंगवरून, म्हणजे कडेवरून चेंडू येणार, तो बॉक्समध्ये (गोलासमोरच्या पेनल्टीच्या चौकोनात) असणार, पहिल्या स्पर्शात फटका किंवा हेडर. संघानं त्याच्यासाठी वेगळं काही रचायची गरज नव्हती. क्रॉस वेळेवर आला पाहिजे, एवढंच.

चार वेळा तो या श्रेणीत सर्वाधिक गोल करणारा ठरला: २०१६, २०१७, २०१९ आणि २०२२. यातल्या शेवटच्या तिन्ही वेळा त्याचा संघ श्रेणीचा विजेता होऊन वर गेला. हॅम्बुर्गकडून २४ गोल करूनही संघ चौथा आला आणि वर जाणं हुकलं. त्या वर्षी सर्वाधिक गोल डार्मश्टाटच्या सेर्दार दुर्सुनचे होते, २७.

एक सामना पूर्ण दाखवा: ७ मे २०२२, शाल्के विरुद्ध सेंट पाउली. मध्यंतराला शाल्के ०-२ मागे. दुसऱ्या अर्धात टेरोडेनं पेनल्टीवर पहिला गोल केला, मग बरोबरीचा, आणि रोड्रिगो सालासारच्या तिसऱ्या गोलानं ३-२ असा सामना आणि बढती दोन्ही जिंकली. त्या दिवशीची टेरोडेची अर्धी मेहनत गोलांच्या झलकांमध्ये दिसत नाही, म्हणून पूर्ण सामना म्हणतोय.

कातळवाट (राजापूर)

दर्यावर्दींचे आकडे बरोबर आहेत, पण एक बाजू राहिली. स्टुटगार्ट, कोल्न आणि शाल्के हे तिन्ही नुकतेच वरून घसरलेले मोठे क्लब होते, हॅम्बुर्गही त्याच जातीचा. अशा संघासमोर दुसऱ्या श्रेणीतले बहुतेक संघ मागे सरून बचाव करतात. चेंडू बराच वेळ यांच्याच पायात, बॉक्ससमोर गर्दी, क्रॉसवर क्रॉस. टेरोडेसारख्या खेळाडूला याहून सोयीचं वातावरण नाही. कोल्ननं २०१८-१९ मध्ये ८४ गोल केले. त्यात टेरोडेचे २९ आणि त्याच्या जोडीला खेळणाऱ्या जॉन कोर्दोबाचे २०. बचावपटूंना दोघांकडे बघावं लागायचं. शाल्केला जोडीला मारियुस बुल्टर होता आणि डावीकडून थॉमस ऊवेयानचे क्रॉस आणि कॉर्नर.

आता वर का जमलं नाही ते. तोच संघ बढती मिळवून बुंडेसलिगात, म्हणजे पहिल्या श्रेणीत गेला की चित्र उलटं होतं. चेंडू समोरच्याकडे जास्त, बॉक्समध्ये येणारे क्रॉस कमी, आणि जे हल्ले होतात ते धावत्या प्रतिहल्ल्याचे. तिथे नऊ नंबरला चाळीस मीटर मागून पळत येऊन बॉक्समध्ये पोचावं लागतं. टेरोडे पोचेपर्यंत बचाव परत जागेवर. वरच्या श्रेणीत एकाही हंगामात त्याचे गोल दोन आकडी झाले नाहीत. जानेवारी २०१८ मध्ये स्टुटगार्टनं त्याला कोल्नला जाऊ दिलं आणि स्वतः मारियो गोमेसला आणलं. क्लबांना त्याची मर्यादा दिसत होती.

याच्या शेजारी दोन नावं ठेवून बघा. निक्लास फुलक्रुगनं २०२१-२२ मध्ये वेर्डर ब्रेमेनकडून दुसऱ्या श्रेणीत १९ गोल केले, पुढच्या वर्षी पहिल्या श्रेणीत १६ करून संयुक्तपणे अव्वल ठरला, आणि मधल्या काळात विश्वचषकात स्पेनविरुद्ध बरोबरीचा गोलही केला. टिम क्लाइनडीन्स्टनं २०२२-२३ मध्ये हायडेनहाइमकडून २५ केले, वर जाऊन १२. पुढे ग्लाडबाखकडून त्याहून जास्त, आणि राष्ट्रीय संघातही आला. हे दोघेही टेरोडेसारखेच धिप्पाड. फरक बॉक्सच्या बाहेर आहे. फुलक्रुग पाठीवर बचावपटू घेऊन चेंडू धरतो आणि दुसऱ्याला खेळवतो. क्लाइनडीन्स्ट नव्वद मिनिटं समोरच्या बचावावर तुटून पडतो, मधल्या फळीपर्यंत मागे येतो आणि परत पुढे धावतो. म्हणून संघाकडे चेंडू कमी असतानाही ते उपयोगी राहिले.

म्हणून सडेकर, मुलाला टेरोडे जरूर दाखवा, पण सोबत क्लाइनडीन्स्टही दाखवा. नाहीतर बॉक्समध्ये उभं राहून चेंडूची वाट बघायची सवय लागेल.

दर्यावर्दी (रत्नागिरी)

कातळवाट, वरच्या श्रेणीबद्दल पटलं. पण "मोठ्या क्लबमुळे गोल" हे पूर्ण मान्य नाही. २०१५-१६ चं बोखुम काही घसरलेला मोठा क्लब नव्हता. दुसऱ्या श्रेणीत बरीच वर्षं मुरलेला मध्यम संघ, शेवटी पाचवा आला. तिथेही २५ झालेच. आणि मोठे क्लब घसरल्यावर टेरोडेलाच का बोलवायचे? त्यांच्याकडे नऊ नंबर आधीपासून असायचेच. चौतीस सामन्यांत वर जायचं असेल तर कोण गोल देईल याची खात्री हवी, आणि ती खात्री देणारा हा एकच माणूस वर्षानुवर्षं बाजारात होता.

बढतीचा नियमही इथे लक्षात घ्यावा. १८ संघ, ३४ सामने, पहिले दोन थेट वर, तिसऱ्याला पहिल्या श्रेणीतल्या सोळाव्या संघाशी घरी-बाहेर असे दोन सामने. खालचे दोन थेट तिसऱ्या श्रेणीत. जागा इतक्या थोड्या की चार-पाच गुणांनी वर्ष वाया जातं, आणि एकाच्या फरकानं जिंकून देणाऱ्या गोलाची किंमत फार. क्लाइनडीन्स्टचंच बघा. २०२३ च्या शेवटच्या दिवशी रेगेन्सबुर्गला हायडेनहाइम ०-२ मागे होतं. भरपाई वेळेच्या नवव्या मिनिटाला त्यानं ३-२ केला आणि हायडेनहाइम थेट वर गेलं. हॅम्बुर्गचे प्रेक्षक तोवर आपली बढती झाली म्हणून मैदानात उतरले होते.

जुनी_पानं (दापोली)

विक्रमाबद्दल थोडं. टेरोडेच्या आधी हा विक्रम डीटर शात्सश्नायडरचा होता, हानोफर ९६ आणि फोर्टुना कोल्नकडून १५३ गोल, तेही २०१ सामन्यांत. सामन्यामागे पाऊण गोल. टेरोडेनं १५३ गाठले ऑक्टोबर २०२१ मध्ये इंगोलश्टाटविरुद्ध, आणि त्याच महिन्यात ड्रेस्डेनविरुद्ध १५४ वा केला. सामन्यामागच्या सरासरीत मात्र शात्सश्नायडरच पुढे आहे, आणि मुलांना विक्रम सांगताना हेही सांगायला हवं.

काळ वेगळा होता. १९७४ मध्ये ही श्रेणी सुरू झाली तेव्हा उत्तर आणि दक्षिण असे दोन गट होते. १९८१ मध्ये एक गट झाला. एकाच गटाच्या काळातला एका हंगामाचा विक्रम रुडी फोलरचा, १९८१-८२ मध्ये १८६० म्युनिककडून ३७. तेव्हा गटात २० संघ असल्यानं सामने ३८ होते. टेरोडेचे शाल्केचे ३० गोल ३० सामन्यांतले. ही तुलना केली की त्या हंगामाचं वजन कळतं.

लांबचा_खांब (सावंतवाडी)

शिकवण्याकडे येतो. टेरोडेच्या गोलांची चित्रफीत लावा आणि प्रत्येक क्रॉसच्या दोन सेकंद आधी थांबवा. मुलाला विचारा, टेरोडे कुठे आहे आणि बचावपटू कुठे बघतोय. बहुतेक वेळा तो बचावपटूच्या पाठीमागच्या खांद्यापाशी असतो, म्हणजे बचावपटूला चेंडू आणि तो एकाच वेळी दिसत नाहीत. मग पुढे न्या. क्रॉस मारणाऱ्याचा शेवटचा ढकलस्पर्श (मारण्याआधी चेंडू थोडा पुढे ढकलणं) झाला, मान खाली गेली, की टेरोडे हलतो. त्याआधी नाही. दहा गोल असे थांबवून बघितले की मुलाच्या डोक्यात बसतं.

मैदानावर. तुमची रुंदी ४५ मीटर. बॉक्सची पूर्ण रुंदी ४०.३ मीटर असते, म्हणजे बाजूची रेषा बॉक्सपासून जेमतेम सव्वादोन-अडीच मीटरवर. रेषेवरून गोलाच्या जवळच्या खांबापर्यंत १९ मीटर. पूर्ण ६८ मीटरच्या मैदानावर हेच अंतर ३० मीटर असतं. जोरात मारलेला क्रॉस तुमच्याकडे सव्वा सेकंदात खांबाशी पोचतो. तेवढ्यात उभ्या जागेवरून मुलगा फार तर पाच मीटर कापतो. त्यामुळे व्हिडिओत दिसतं तसं पेनल्टीच्या ठिपक्यामागून धाव सुरू केली तर तुमच्या मैदानावर तो कायम उशिरा पोचेल. सुरुवात गोलरेषेपासून आठ-नऊ मीटरवर ठेवा.

सामान: पूर्ण मापाचा गोल, सहा खुणा, आठ चेंडू आणि दोन "बचावपटू". प्लास्टिकचे पुतळे महाग पडतात. रंगाच्या वीस लिटरच्या डब्यात वाळू भरून पाच-सहा फुटी बांबू रोवा आणि वरच्या टोकाला कापड घट्ट बांधा, डोळ्याला लागू नये म्हणून.

पहिला टप्पा, जवळचा खांब. मुलगा बांबूच्या मागे, चेंडूपासून लांबच्या बाजूला उभा. विंगवरचा चेंडू घेऊन येताना मुलगा दोन पावलं लांबच्या खांबाकडे टाकतो. ढकलस्पर्श दिसला की तिसऱ्या पावलाला बांबूच्या पुढून तिरका आत. चेंडूला गाठायचं ते लहान चौकोनाच्या पुढच्या रेषेवर, खांबाच्या सरळ रेषेत. आठ चेंडू.

दुसरा टप्पा, मागे सरकवलेला चेंडू. सुरुवात तीच, पण यावेळी दोन पावलं गोलाकडे टाकून तो थांबतो. बचावपटू गोलरेषेकडे वाहत जातो आणि ठिपक्यापाशी जागा रिकामी होते. फटका आतल्या पायानं, जमिनीलगत. आठ चेंडू.

तिसरा टप्पा, लांबचा खांब. इथे घाई नको. बचावपटूच्या नजरेबाहेर राहून उशिरा आत यायचं आणि हेडर खाली, गोलरेषेच्या दिशेनं. आठ चेंडू, पण यातले तीन-चारच जोरात मारलेले असू द्या, बाकी हातानं फेकलेले.

एकूण चोवीस. प्रत्येक टप्प्यानंतर दीड मिनिट विश्रांती. वहीत तीन रकाने करा: वेळेवर पोचला का, पहिल्याच स्पर्शात फटका झाला का, गोलाच्या चौकटीत गेला का. गोल झाला की नाही हे लिहूच नका, कारण गोलरक्षक चांगला असला की मुलगा हिरमुसतो आणि सवय बदलतो. दोन आठवडे झाले की एका बांबूच्या जागी खरा बचावपटू आणा, आधी नुसता सोबत पळणारा, मग अडवणारा.

काय बिघडतं ते आधीच सांगून ठेवतो. सगळ्यात जास्त वेळा मुलगा लवकर पोचतो आणि थांबून चेंडूची वाट बघतो. थांबलेल्या माणसाला अडवणं सोपं. त्याला "उशीर कर" असं नुसतं सांगून भागत नाही. विंगवाल्याला मुद्दाम कधी एक जादा स्पर्श घ्यायला लावा, म्हणजे मुलाला त्याच्याकडे बघावंच लागतं. दुसरं, जवळच्या खांबावरचे फटके वरून जातात. चेंडू वेगात येत असताना मुलगा पाय मागे घेऊन पूर्ण ताकद लावतो आणि अंग मागे झुकतं. तिथे पाय झुलवायचाच नाही. आतली बाजू चेंडूसमोर धरायची, घोटा घट्ट, बाकीचं काम चेंडूचा वेग करतो. तिसरं, मागे सरकवलेल्या चेंडूवर मुलगा कधी चेंडूच्याही पुढे जातो आणि ऑफसाइड उरतो, कारण गोलाकडे टाकलेली दोन पावलं चार होतात.

मुरमाच्या मैदानावर चेंडूतली हवा कमी ठेवा. नियमात ०.६ ते १.१ बार चालते. पूर्ण हवेचा चेंडू मुरमावर गुडघ्यापासून छातीपर्यंत कसाही उडतो. ०.६ ते ०.७ वर तो मुलाच्या ताब्यात राहतो. आणि लोळून गोल करायला या जमिनीवर कुणाला सांगू नका. कातडी सोलवटली की मुलगा पुढचे महिनाभर लांबच्या खांबाकडे जायलाच घाबरतो.

सडेकर (वेंगुर्ला)

खूप आभार, लांबचा_खांब. ४५ मीटरचं गणित एकदम डोक्यात बसलं. मुलगा उशिरा का पोचतो याचं कारण वेगात शोधत होतो, ते सुरुवातीच्या जागेत निघालं. दोन शंका. सुब्रतो मुखर्जी चषकाच्या (शालेय फुटबॉल स्पर्धेच्या) तालुका आणि जिल्हा फेऱ्या ऐन पावसात होतात. चिखलात हेच शिकवायचं की वेगळं? आणि हेडरचा सराव आठवड्याला किती?

लांबचा_खांब (सावंतवाडी)

चिखलात उंच क्रॉस विसरा. पाय घसरतो, चेंडू जड होतो, आणि विंगवाल्याचा क्रॉस जवळच्या खांबाच्याही आधीच पडतो. म्हणून पहिल्या टप्प्यावर जोर द्या आणि धाव आणखी एक-दीड मीटर अलीकडे संपवा. जमिनीलगतचा चेंडू डबक्यात थांबतो, त्याच्या पुढे निघून गेलात तर संपलं. त्यामुळे पावसाळ्यात शेवटची दोन पावलं छोटी टाकायची, म्हणजे मागे फिरता येतं.

दुसरं, ओल्या चेंडूला गोलरक्षकाचे हात टिकत नाहीत. सहकाऱ्यानं लांबून फटका मारला की नऊ नंबरनं प्रत्येक वेळी, अगदी प्रत्येक वेळी, गोलरक्षकाच्या दिशेनं धावायचं आणि पाचेक मीटरवर थांबायचं. दहात आठ वेळा काहीच मिळणार नाही. टेरोडेनं कारकीर्दभर हे केलं, कंटाळा न करता. सरावात सहकाऱ्याचे दहा लांबचे फटके ठेवा आणि मोजा किती वेळा मुलगा जागेवरच उभा राहिला.

हेडरबद्दल: इंग्लंडमध्ये व्यावसायिक प्रौढ खेळाडूंनाही सरावात आठवड्याला जोरकस हेडर जास्तीत जास्त दहा ठेवायला सांगितलंय. वाढत्या वयाच्या मुलाला त्याहून जास्त देण्याचं कारणच नाही. उरलेला सराव हातानं हळू फेकलेल्या चेंडूवर. त्यात उडी कधी घ्यायची, डोळे उघडे, मान घट्ट, कपाळाचा सपाट भाग, हे सगळं शिकवता येतं. बारा वर्षांखालच्या मुलांना हेडर नकोच. आणि चिखलानं जड झालेल्या चेंडूवर हेडरचा सराव कोणालाच देऊ नका.

उधाण (मालवण)

बरां लिवलात सगळ्यांनी. सडेकरांसाठी किनाऱ्याबद्दल सांगतो, कारण वेंगुर्ल्यात वाळू हाताशी आहे आणि मुरमावरच्या उड्यांनी मुलांचे गुडघे दुखतात.

उड्या आणि छोट्या धावा ओल्या, घट्ट वाळूवर घ्या. कोरड्या भुसभुशीत वाळूत पोटरीवर आणि टाचेच्या वरच्या शिरेवर फार ताण येतो. सवय नसलेल्या मुलाला पहिल्या आठवड्यात पंधरा मिनिटं पुरे, मग दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा. अनवाणी पळणार असाल तर आधी पट्टा चालून शिंपले आणि काचा उचला. चेंडू थांबवायचा सराव वाळूत करू नका. तिथे उसळी नाही, पायाला लागलेला अंदाज मैदानावर चुकतो.

वेळ कशी काढायची ते इथल्या जुन्या माणसांना ठाऊक असतं, पण मुलांना शिकवा. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती. त्या दिवशी संध्याकाळचा सराव किनाऱ्यावर ठेवलात तर घट्ट वाळूचा पट्टा बराचसा पाण्याखाली असतो. पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या आसपास, ओहोटी त्यापासून सहा तासांवर, म्हणजे संध्याकाळी सहाला पाणी लांब आणि घट्ट वाळूचा रुंद पट्टा मोकळा. महिन्यातून दोनदा पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे तीन-चार दिवस असा सराव बसतो. जून ते नारळी पौर्णिमा किनारा पूर्ण बंद ठेवा, खवळलेल्या समुद्राजवळ मुलं न्यायची नाहीत.

दर्यावर्दी (रत्नागिरी)

सामन्यांच्या वेळा राहिल्या होत्या. हंगाम ऑगस्ट ते मे, नाताळच्या सुमारास सुट्टी आणि जानेवारीच्या मध्यात परत सुरू. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत जर्मनी आपल्या साडेतीन तास मागे असतं, बाकी काळ साडेचार तास. नेहमीच्या वेळा आपल्या घड्याळानं अशा पडतात: शुक्रवारचे सामने रात्री १० किंवा ११ ला, शनिवारचे दुपारी साडेचार किंवा संध्याकाळी साडेपाचला, शनिवारचा एक रात्री १२ किंवा १ ला, रविवारचे संध्याकाळी ५ किंवा ६ ला. पहिली वेळ उन्हाळ्याची, दुसरी थंडीची. मुलांसाठी रविवारची सगळ्यात सोयीची.

टेरोडे २०२४ मध्ये निवृत्त झाला, त्यामुळे थेट बघायला त्याच्या जवळपासचा खेळाडू शोधावा लागेल. तोवर रॉबर्ट ग्लाट्सेलचे हॅम्बुर्गचे दुसऱ्या श्रेणीतले जुने हंगाम बघा: २०२१-२२ मध्ये २२ गोल, मग १९, मग परत २२. तोही उंच, आणि जवळच्या खांबावर धावताना त्याची पहिली दोन पावलं उलट्या दिशेला जातात. सामना बघताना मुलाला कागद द्या आणि चेंडूकडे न बघता वीस मिनिटं फक्त नऊ नंबरकडे बघायला सांगा. किती वेळा धावला आणि त्यातल्या किती धावांना चेंडू मिळाला, एवढंच लिहायचं. तो कागद तुमच्या चोवीस चेंडूंच्या वहीला जोडून ठेवा.